जेवढं दाखवायचं तेवढंच: मोबाइलवर स्क्रीनशॉट एडिट करायची रीत

दर महिन्याच्या १ ते १० तारखेला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर स्क्रीनशॉटचा पाऊस पडतो. कोथरूडमधली ३२ फ्लॅटची जुनी इमारत, आणि दुसरं कोणी तयार होत नाही म्हणून सलग चौथ्या वर्षी मीच खजिनदार. मेंटेनन्स भरला की जो तो पुरावा म्हणून स्क्रीनशॉट टाकतो. मला त्यातून चारच गोष्टी हव्या असतात: रक्कम, तारीख, नाव आणि व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर. मिळतं मात्र त्याहून पुष्कळ. कुणाच्या खात्यात किती शिल्लक उरली, कुणाची बॅटरी ४ टक्क्यांवर आली, कुणाला नेमका त्याच वेळी हप्ता थकल्याचा मेसेज आला, सगळं ३२ घरांत एकदम पोचतं.

हसायचा हक्क मला नाही. दोन वर्षांपूर्वी पाण्याची टाकी धुणाऱ्यांना मी पदरचे पैसे दिले आणि हिशेब म्हणून माझ्या खात्याच्या स्टेटमेंटचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. खाते नंबर आणि शिल्लक यांवर काळ्या रंगाने चांगलं चार वेळा गिरवलं होतं. पाच मिनिटांत दुसऱ्या मजल्यावरच्या अकरावीतल्या मुलाचा खासगी मेसेज आला: "काका, तो फोटो काढून टाका. ब्राइटनेस वाढवला की सगळं दिसतंय." मी पेन समजून हायलायटर वापरला होता.

त्या दिवसापासून मी हे काम शिस्तीत शिकलो. त्यासाठी वेगळं ॲप लागत नाही. फोनमध्ये आधीपासून असलेली साधनं पुरतात, फक्त कोणतं कधी वापरायचं आणि कोणत्या क्रमाने, हे कळलं पाहिजे. क्रम असा: नीट काढा, मूळ बाजूला ठेवा, कापा, झाका, खूण करा, तपासा, मग पाठवा. झाकण्याच्या टप्प्यावर लोक सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून तिथे मी जरा रेंगाळणार आहे.

काढतानाच निम्मं काम

स्क्रीनशॉट काढायची पद्धत बहुतेकांना माहीत असते, तरी एकदा सांगून टाकतो. अँड्रॉइडवर पॉवरचं आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबायचं. होम बटण नसलेल्या आयफोनवर बाजूचं बटण आणि आवाज वाढवायचं बटण; होम बटण असलेल्या जुन्या आयफोनवर पॉवर आणि होम. रेडमी, ओप्पो, विवो, रियलमी अशा फोनांवर तीन बोटं पडद्यावरून ओढूनही निघतो, सॅमसंगवर तळहाताची कड पडद्यावरून सरकवून. हे प्रकार सेटिंगमध्ये चालू करून ठेवावे लागतात. बोटं आखडणाऱ्या वयस्कर मंडळींना दोन बटणं एकदम दाबायला जमत नाही, त्यांना तीन बोटांचा प्रकार लावून द्या.

काढण्याआधी 'डू नॉट डिस्टर्ब' चालू केलं की ऐन वेळी वरून मेसेज टपकत नाही. सॅमसंगवर एक चांगली सोय आहे: सेटिंगमधल्या ॲडव्हान्स्ड फीचर्समध्ये स्क्रीनशॉटच्या पानावर गेलात, तर वरची घड्याळ-बॅटरीची पट्टी आणि खालची बटणांची पट्टी चित्रात येऊच नये असं ठरवता येतं. एकदा लावा आणि विसरून जा.

मजकूर लांब असेल, म्हणजे महावितरणचं बिल किंवा ग्रुपवरचा लांबलचक वाद, तर तुकडे काढत बसू नका. स्क्रीनशॉट काढल्यावर लगेच खाली जी छोटी पट्टी येते तिच्यात 'स्क्रोल' किंवा 'कॅप्चर मोअर' असं बटण दिसतं. अँड्रॉइड १२ मध्ये, म्हणजे २०२१ साली, ही सोय मूळ प्रणालीतच आली. काही कंपन्यांनी ती त्याआधीच दिली होती. आयफोनवर सफारीतलं वेबपान उघडं असेल तर स्क्रीनशॉटच्या वरच्या बाजूला 'फुल पेज' असा पर्याय येतो. त्याने अख्खं पान पीडीएफ म्हणून जपता येतं. या पीडीएफबद्दल पुढे एक धोक्याची गोष्ट सांगायची आहे.

बँकेच्या ॲपमध्ये बऱ्याचदा स्क्रीनशॉट निघतच नाही, काळा पडदा येतो किंवा सुरक्षेचं कारण दाखवतं. फोन बिघडलेला नसतो, बँकेनेच ते बंद ठेवलेलं असतं. अशा वेळी दुसऱ्या फोनने फोटो काढण्याचा द्राविडी प्राणायाम करू नका. ॲपमध्ये पावती शेअर करायचं किंवा स्टेटमेंट उतरवून घ्यायचं बटण शोधा. यूपीआय ॲपमध्ये तर पैसे गेल्यावर पावती शेअर करायचं बटण समोरच असतं, आणि त्यातून निघणारं चित्र स्क्रीनशॉटपेक्षा स्वच्छ असतं. माझ्या ३२ घरांपैकी ते वापरतात तिघं.

मूळ चित्राला हात लावू नका

स्क्रीनशॉट काढला की कोपऱ्यात त्याचं छोटं चित्र तरंगतं. त्यावर टिचकी मारली की एडिट करायचं पान उघडतं. काही फोनांवर ते आपोआपच पूर्ण पडद्यावर येतं. घाई असेल तर इथेच काम करा. महत्त्वाचा कागद असेल तर मात्र आधी सेव्ह होऊ द्या आणि गॅलरीत जाऊन प्रतीवर काम करा. गूगल फोटोजमध्ये एडिट झाल्यावर 'सेव्ह कॉपी' असा पर्याय मिळतो, तोच निवडा. आयफोनवर फोटो उघडून मेनूतून 'डुप्लिकेट' करता येतो.

आयफोनच्या फोटोज ॲपमध्ये एडिट केलेलं चित्र 'रिव्हर्ट' करून पुन्हा मूळ रूपात आणता येतं. चूक झाली तर हे वरदान आहे. पण याचा अर्थ असा की तुमच्या फोनमध्ये झाकलेल्या भागाखालचं सगळं शाबूत आहे. व्हॉट्सॲपवर पाठवताना एडिट केलेलं चित्रच जातं, तिथे काळजी नाही. एअरड्रॉपने पाठवताना मात्र 'ऑल फोटोज डेटा' हा पर्याय चालू असेल, तर मूळ चित्रही सोबत जातं. तो बंद आहे ना, हे वरच्या 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन एकदा बघा. आणि फोन कुणाच्या हातात द्यायचा असेल तर 'मी खोडलंय' या भरवशावर राहू नका.

कापणं

क्रॉपची खूण म्हणजे एकमेकांत अडकलेले दोन काटकोन. आयफोनवर मार्कअपच्या, म्हणजे चित्रावर खुणा करायच्या, पानात चित्राच्या कडांनाच जाड कोपरे असतात, ते बोटाने आत ओढायचे. गॅलरीतून क्रॉप करताना चौकोनी किंवा १६:९ असं ठरलेलं प्रमाण लागू असेल, तर ते काढून 'फ्री' करा, नाहीतर एक कड ओढली की दुसरी आपोआप हलते आणि माणूस वैतागतो.

काय कापायचं? वरची पट्टी तर आधी. तिथे वेळ, सिमची कंपनी, चालू असलेल्या ॲपच्या खुणा असं बरंच काही असतं. खालची बटणांची पट्टीही. पण कात्री फार आतही नेऊ नका. पैसे भरल्याच्या पावतीतून तारीख कापली गेली, तर मी तुम्हाला फोन करणार हे नक्की. महापालिकेच्या 'पीएमसी केअर'वर रस्त्यावरच्या खड्ड्याची तक्रार नोंदवली आणि तिचा स्क्रीनशॉट नगरसेवकाच्या माणसाला पाठवायचा, तर तक्रार क्रमांक आणि सद्यस्थिती दोन्ही एकाच चौकटीत राहिली पाहिजे. नुसता क्रमांक कापून पाठवलात, तर तो कशाचा हे समोरच्याला कळत नाही.

माझा साधा नियम: कडेला असलेलं नको ते कापायचं, मधोमध असलेलं झाकायचं. आणि कापणं नेहमी झाकण्याच्या आधी. कापल्यावर चित्र पडद्यावर मोठं दिसतं, त्यामुळे झाकताना बोट नेमकं पडतं.

कापलेलं खरंच गेलं का, हा प्रश्न वेडेपणाचा वाटेल, पण २०२३ च्या मार्चमध्ये तो जगभर विचारला गेला. सायमन ऍरन्स आणि डेव्हिड ब्यूकॅनन या दोघांनी दाखवून दिलं की गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या मार्कअप या साधनाने क्रॉप केलेल्या चित्रांत कापलेल्या भागाचा बराचसा तपशील शिल्लक राहत होता आणि तो परत मिळवता येत होता. कारण ऐकल्यावर कॅसेटच्या जमान्यातली माणसं लगेच ओळखतील. जुन्या ६० मिनिटांच्या कॅसेटवर तुम्ही २० मिनिटांचं भजन रेकॉर्ड केलंत, तर भजन संपल्यावर पुढे जुनं गाणं सुरू होतं. तसंच झालं होतं. कापलेलं छोटं चित्र जुन्या मोठ्या फाइलच्या जागी लिहिलं जायचं, पण जुन्या फाइलचं शेपूट पुसलं जात नव्हतं. गूगलने त्याच महिन्याच्या अपडेटमध्ये ही चूक दुरुस्त केली. आधीच पाठवून झालेल्या चित्रांना मात्र अपडेटचा उपयोग नव्हता. जिथे चित्र पोचताना नव्याने दाबून लहान केलं जातं तिथे शेपूट आपोआप गळून पडलं; जिथे फाइल जशीच्या तशी जाते तिथे राहिलं. फोनला आलेलं अपडेट 'नंतर' म्हणून ढकलणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

झाकणं

इथे लोक चार प्रकारे फसतात.

पहिला प्रकार माझा, हायलायटरचा. मार्कअपमध्ये पेन, हायलायटर आणि पेन्सिल शेजारी शेजारी असतात. हायलायटर अर्धपारदर्शक असतो, कारण ओळ पिवळी करूनही ती वाचता यावी हाच त्याचा धर्म. काळा हायलायटर तीन-चार वेळा फिरवला की डोळ्यांना पूर्ण काळं दिसतं, पण अक्षरांची जागा आजूबाजूच्या काळ्यापेक्षा किंचित जास्त गडद उरते. फोटो एडिटरमध्ये एक्सपोजर, ब्राइटनेस आणि शॅडोज पार टोकाला नेले की आकडे वर येतात. विश्वास नसेल तर घरच्या घरी करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरा प्रकार मोझॅक आणि ब्लर. शाओमी, रेडमी वगैरेंच्या एडिटरमध्ये मोझॅकचं बटण असतं, व्हॉट्सॲपमध्येही चित्रावर फिरवायचा धूसर ब्रश आहे. गर्दीतला चेहरा किंवा प्रोफाइल फोटो धूसर करायला तो ठीक. आकड्यांसाठी नको. मोझॅक म्हणजे काय, तर त्या चौकोनातल्या सगळ्या ठिपक्यांच्या रंगांची सरासरी. ॲपचा फॉन्ट ठरलेला, अक्षराचा आकार ठरलेला, आणि आकडे तर फक्त दहा. त्या दहा आकड्यांचे मोझॅक बनवून ताडून बघितले की कोणता आकडा कुठे होता हे काढता येतं, आणि हे काम करणारे प्रोग्रॅम लिहिले गेले आहेत. मजकूर जितका ठरावीक साच्याचा, तितका मोझॅक कच्चा.

तिसरा प्रकार क्यूआर कोडवर एक रेघ मारून समाधान मानण्याचा. क्यूआर कोड मुळातच मळला, फाटला तरी वाचता यावा असा बनवलेला असतो. त्याच्या सगळ्यात मजबूत प्रकारात सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी उरलेल्यातून माहिती पुरी होते. म्हणजे तुमची तिरकी रेघ त्याच्या खिजगणतीतही नाही. मेट्रोचं तिकीट काढून "निघाले गं, वनाझला भेटू" म्हणून मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकताना क्यूआर पूर्ण झाका, तिन्ही कोपऱ्यांतल्या चौकोनांसकट. आधार कार्डाचंही तेच. लोक १२ आकडे काळजीपूर्वक झाकतात आणि शेजारचा क्यूआर उघडा ठेवतात. त्या क्यूआरमध्ये नाव, पत्ता, फोटो असं सगळं भरलेलं असतं. खरं तर आधारचा स्क्रीनशॉट एडिट करत बसण्यापेक्षा यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून 'मास्क्ड आधार' उतरवून घ्या. त्यात फक्त शेवटचे ४ आकडे दिसतात.

चौथा प्रकार पीडीएफचा, ज्याबद्दल वर म्हटलं होतं. पीडीएफवर काळा चौकोन ठेवला तर तो पुष्कळदा नुसता वरचा थर असतो. खालचा मजकूर निवडून कॉपी केला की चौकोनाखालची अक्षरं निघून येतात. काही झाकायचं असेल तर पीडीएफच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या आणि त्या चित्रावर झाका.

मग बरोबर पद्धत कोणती? भरीव, अपारदर्शक चौकोन. आयफोनवर मार्कअपमध्ये अधिकच्या (+) खुणेवर टिचकी मारा, आकारांतून चौकोन घ्या, तो आतून भरलेला करा, रंग काळा ठेवा आणि कोपरे ओढून नको त्या मजकुरावर बसवा. अँड्रॉइडच्या अनेक एडिटरमध्येही आकार मिळतात. ज्यात फक्त पेन आहे तिथे पेनच घ्या, हायलायटर नव्हे; जाडी सगळ्यात मोठी करा आणि चित्र दोन बोटांनी मोठं करून सरळ पट्टे मारा. अक्षरांचे वरचे शेंडे आणि खालच्या शेपट्या बाहेर राहत नाहीत ना, ते पाहा. देवनागरीत तर वेलांट्या आणि उकार हमखास डोकावतात, आणि नुसत्या वेलांट्यांवरून ओळखीचं आडनाव ओळखणारे लोक आमच्या इमारतीत आहेत. नाव झाकताना चौकोन नावापेक्षा थोडा लांबच ठेवा.

एकच माहिती चित्रात दोनदा असते, हेही बघा. यूपीआयच्या पावतीवर मोबाइल नंबर झाकला जातो आणि खाली यूपीआय आयडीत तोच नंबर '@'च्या आधी तसाच उभा असतो. चॅटच्या स्क्रीनशॉटमध्ये वरचं नाव कापलं जातं आणि मधल्या उत्तरात उद्धृत केलेल्या ओळीवर ते पुन्हा येतं. लाइट बिलात १२ आकडी ग्राहक क्रमांक वर मोठ्या अक्षरात असतो आणि तळाच्या भरणा चिठ्ठीतही. तो एवढ्यासाठी झाकायचा की ग्राहक क्रमांक मिळाला की कोणीही बिल भरायच्या ॲपमध्ये टाकून थकबाकी बघू शकतो. रेल्वेच्या तिकिटावरचा १० आकडी पीएनआरही असाच. "कन्फर्म झालं बरं का" सांगायला पीएनआर लागत नाही.

यूटीआर नंबर मात्र झाकू नका. कृपा करून. मागच्या महिन्यात एका वहिनींनी माझा हा सगळा उपदेश मनावर घेऊन रक्कम सोडून सगळंच काळं केलं होतं.

खूण करणं, आणि आत्याची गोष्ट

झाकण्याचा हेतू लपवणं, खुणेचा हेतू दाखवणं. इथे मोह होतो तो रंगपंचमी करण्याचा. लाल गोल, पिवळी ओळ, तीन बाण आणि वर नाचणारा स्टिकर असं झालं की बघणाऱ्याला कळतच नाही कुठे बघायचं. एका चित्रात एकच खूण, फार तर दोन. बोटाने काढलेला गोल बटाट्यासारखा होतो, त्यापेक्षा आकारांमधली पोकळ चौकट घ्या. बाण काढायचा तर रिकाम्या जागेतून सुरू करा आणि टोक बटणाच्या कडेला टेकवा, बटणावर नको. बटण बाणाखाली गेलं तर दाखवायचं काय राहिलं?

माझी आत्या सदाशिव पेठेत राहते, वय ७४. माझ्याकडे यायचं तर रिक्षावाल्यांशी रोज नवा वाद, म्हणून तिला मेट्रोचं तिकीट मोबाइलवर काढायला शिकवायचं ठरलं. डेक्कनला चढायचं, आनंदनगरला उतरायचं. मी एकेका पडद्याचा स्क्रीनशॉट काढला, प्रत्येकावर दाबायच्या बटणाभोवती लाल चौकट काढली, कोपऱ्यात १, २, ३ असे आकडे टाकले आणि सहा चित्रं तिला पाठवली. संध्याकाळी तिचा फोन.

"अरे, तू पाठवलेलं तिकीट निघतच नाही. लाल चौकोन दाबून दाबून बोट दुखायला लागलं."

ती स्क्रीनशॉटमधलंच बटण दाबत होती. तिची चूक कशी म्हणणार? चित्र पडद्याइतकंच मोठं, पडद्यासारखंच दिसणारं. तेव्हापासून कुणाला काही शिकवण्यासाठी स्क्रीनशॉट पाठवायचा तर मी तो अर्धाच ठेवतो, म्हणजे तो पडदा नसून चित्र आहे हे दिसतं, आणि वर मोठ्या अक्षरात "हा नमुना आहे" असं लिहितो. आत्यासाठी तर शेवटी सहाही चित्रं एका कागदावर छापून घेतली. तेव्हा आणखी दोन गोष्टी कळल्या. डार्क मोडमध्ये काढलेला स्क्रीनशॉट छापला की कागद काळाकुट्ट येतो आणि झेरॉक्सवाला आपल्याकडे बघतो. छापायचं असेल तर फोन लाइट मोडवर ठेवूनच काढा. आणि काळ्या-पांढऱ्या छपाईत लाल चौकट करडी होऊन जाते. म्हणून खूण रंगावर अवलंबून नको, जाडीवर आणि आकड्यावर हवी. लाल-हिरवा फरक न कळणाऱ्यांनाही त्याचा फायदा होतो.

चित्रावर मराठीत लिहिताना मजकूर छोटा ठेवा. "इथे दाबा", "ही रक्कम चुकीची", "मागच्या महिन्याचं रीडिंग". टेक्स्टच्या साधनात अक्षराचा रंग निवडता येतो. पांढऱ्या पडद्यावर पिवळं लिहू नका, दिसत नाही. एडिटरमधले शोभेचे फॉन्ट बहुधा फक्त रोमन अक्षरांसाठी असतात, देवनागरीला ते लागू होत नाहीत, तेव्हा त्यांच्या नादी लागून वेळ घालवू नका. गूगलच्या जीबोर्ड या कीबोर्डवर मराठी टाकून घेतलं की माइकचं बटण दाबून बोलूनही लिहिता येतं, पण विरामचिन्हं हाताने घाला. दोन ओळींपेक्षा जास्त सांगायचं असेल तर ते चित्रावर नाही, खालच्या मेसेजमध्ये लिहा.

आयफोनच्या मार्कअपमध्ये भिंग नावाचं एक साधन आहे, अधिकच्या खुणेमागे लपलेलं. बिलातला एखादा बारीक आकडा दाखवायचा असेल तर ते त्या जागेवर ठेवा, तेवढाच भाग गोलात मोठा दिसतो. अँड्रॉइडवाल्यांनी तोच भाग कापून दुसरं चित्र म्हणून जोडावा.

तपासून मग पाठवा

पाठवण्याआधी चित्र गॅलरीत पुन्हा उघडा, एडिटरमध्ये नव्हे. दोन बोटांनी मोठं करा आणि चारही कोपऱ्यांतून नजर फिरवा. झाकलेलं काही महत्त्वाचं असेल तर ब्राइटनेस टोकाला नेऊन बघा. अकरावीतला मुलगा जे करणार ते आपणच आधी करायचं.

व्हॉट्सॲपवर पाठवताना चित्र दाबून लहान केलं जातं. साध्या स्क्रीनशॉटला त्याने काही होत नाही. लांबलचक स्क्रोल केलेला स्क्रीनशॉट मात्र मार खातो, कारण उंची प्रचंड असल्याने आकार कमी करताना रुंदीही आकसते आणि अक्षरं किड्यामुंग्यांसारखी होतात. २०२३ मध्ये आलेलं एचडीचं बटण दाबून बघा, नाहीतर चित्राचे दोन-तीन तुकडे करा. सगळ्यात स्पष्ट हवं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तेव्हा फाइल जशीच्या तशी जाते.

जशीच्या तशी म्हणजे नावासकट. अनेक अँड्रॉइड फोन स्क्रीनशॉटच्या नावात तारीख, सेकंदापर्यंतची वेळ आणि तो कुठल्या ॲपमध्ये काढला त्याचं नावही घालतात. "मीटिंगमध्ये होतो म्हणून उत्तर दिलं नाही" असं सांगून दुपारी अडीच वाजता क्रिकेटच्या ॲपमध्ये काढलेला स्क्रीनशॉट डॉक्युमेंट म्हणून पाठवणाऱ्याला मी ओळखतो. पाठवण्याआधी फाइलचं नाव बदला.

आणि कधी कधी स्क्रीनशॉटच नको असतो. मला हवा असलेला यूटीआर नंबर तुम्ही पावतीवर दाबून कॉपी करून मेसेजमध्ये चिकटवलात तर माझं काम निम्म्याने कमी होतं, कारण मी तो बँकेच्या स्टेटमेंटमध्ये शोधूनच पावती फाडतो. चित्रात अडकलेला मजकूर गूगल लेन्सने उचलता येतो, मराठीसुद्धा. तसंही ज्या साधनांनी आपण शिल्लक झाकतो, त्याच साधनांनी ३,००० चे ८,००० करता येतात. त्यामुळे दुकानदार असाल तर गिऱ्हाइकाच्या फोनवरचं हिरवं बरोबरचं चिन्ह बघून माल देऊ नका, आपल्या खात्यात पैसे आले का ते बघा.

एडिट करूच नये असा प्रसंग

ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर कात्री आणि पेन दोन्ही बाजूला ठेवा. १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, आणि मेसेज, नंबर, व्यवहार यांचे स्क्रीनशॉट न कापता, न रंगवता जपा. वरची वेळ दाखवणारी पट्टीसुद्धा राहू द्या, इथे तीच कामाची. मूळ चॅट आणि एसएमएस डिलीट करू नका. स्क्रीनशॉट ही त्यांची फक्त छबी आहे. प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि छेडछाड झालेल्या चित्राचं प्रमाणपत्र कोण देणार? ओळखीच्यांना दाखवण्यासाठी प्रत बनवा आणि हवं तर तिच्यावर झाका.

दुसऱ्याच्या खासगी चॅटचा स्क्रीनशॉट कितीही झाकून पुढे पाठवला तरी लिहिण्याच्या लकबीवरून माणूस ओळखू येतो. आमच्या ग्रुपवर पार्किंगवरून जे झालं ते इथे लिहीत नाही.

आवराआवर

११ तारखेला हिशेब जुळला की मी गॅलरीतला स्क्रीनशॉटचा फोल्डर उघडतो. एडिट केलेली प्रत पाठवून झालेली असते, पण मूळ चित्रं, शिल्लक, ओटीपी, नातेवाइकांच्या आधारांसकट तिथेच पडून असतात आणि बॅकअप चालू असेल तर क्लाउडवरही गेलेली असतात. लागतील ती ठेवून बाकीची निवडून उडवतो. उडवली तरी ती लगेच जात नाहीत: आयफोनवर 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये ३० दिवस राहतात, गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेली असतील तर ६० दिवस. म्हणून तिथे जाऊन ट्रॅशही रिकामा करायचा. आयफोनवाल्यांना एक सोय आहे: मार्कअपमध्ये काम झाल्यावर 'डन' दाबलं की 'कॉपी अँड डिलीट' असा पर्याय येतो. चित्र कॉपी होतं, चॅटमध्ये पेस्ट करता येतं, आणि गॅलरीत त्याचा मागमूस राहत नाही. मेंटेनन्सच्या पावतीसाठी मी आता तोच वापरतो.